तिरडीच्या दुकानातून: मयत मोजणाऱ्या साहेब-मॅडमना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातली जन्म-मृत्यू नोंदणी, आरोग्य खातं आणि साथीच्या रोगांचं काम बघणारे सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

माझं मर्तिकाच्या सामानाचं दुकान आहे. वैकुंठ स्मशानभूमीच्या अलीकडे, नेमकं कुठे ते सांगत नाही, ज्याला लागतं त्याला बरोबर सापडतं. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, कोरं कापड, गुलाल, बुक्का, तुळशीची माळ, कापूर, राळ, गोवऱ्या. दुपारी एक ते चार बंद नसणारी जी थोडी दुकानं पुण्यात आहेत त्यातलं एक. वडलांनी सुरू केलं, आता मी आणि पुतण्या बघतो.

वडलांची एक शिस्त होती, प्रत्येक गिऱ्हाइकाची वहीत नोंद करायची. तारीख, मयताचं वय, बाई की माणूस, कुठून आले, काय सामान गेलं, आणि उधारी असेल तर ती. हो, ह्या धंद्यात पण उधारी असते, आणि लोक दहाव्याच्या आत आणून देतात बरं का, बुडवणारे फार कमी. नाव लिहीत नाही आम्ही. दिवाळीत वहीपूजन करून पाडव्याला नवीन वही उघडायची, दोनशे पानी लाँगबुक, ते वर्षभर आरामात पुरतं, शेवटची पंधरावीस पानं कोरीच राहतात त्यावर पोरं चित्रं काढायची.

2020 च्या पाडव्याला उघडलेली वही 2021 च्या मे महिन्यात संपली.

हे पत्र त्या वहीबद्दल आहे. आधी एक सांगतो म्हणजे मी काय बोलतोय ते कळेल. कोविडची मयत माझ्या दुकानात येतच नव्हती. म्हणजे आठवा जरा, हॉस्पिटलमधून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थेट शववाहिकेत, तिथनं थेट विद्युतदाहिनी, पीपीई घातलेली पोरं उतरवून घेणार आणि घरचा एखादा माणूस लांब भिंतीशी उभा. तिरडी नाही, मडकं नाही, खांदा नाही. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मला वाटलं आता आपलं दुकान बसलं. बसलं नाही. उलट मडकी कमी पडली, कुंभाराकडे जायला पास नव्हता. आणि नंतर एका रात्री हिशोब करताना डोक्यात आलं की अरे, मी जी जी तिरडी विकली ती सगळी सरकारी कागदावर कोविड नसलेल्या माणसांची आहे. कोविडवाल्याला तिरडी लागतच नव्हती ना. मग ही माणसं कशाने जातायत?

आता कोणी म्हणेल आजूबाजूची दुकानं बंद होती म्हणून सगळं गिऱ्हाईक तुझ्याकडे वळलं. बरोबर आहे, दोन दुकानं काही महिने बंद होती. शिवाय माझ्या वहीत मुसलमान नाहीत, ख्रिश्चन नाहीत, लिंगायत समाजाची पद्धत वेगळी त्यामुळे ते जवळपास नाहीत, आणि हडपसर-वारज्याकडचे लोक एवढ्या लांब येत नाहीत. म्हणजे माझी वही हा काही पुरावा नाही, एवढं मलाही कळतं. पुरावा तुमच्याकडे आहे. मी फक्त माझ्या गल्ल्यावर बसून जे दिसलं ते सांगतोय आणि तुमची वही उघडा म्हणतोय.

पुतण्या कॉमर्सचा, त्याने मला हा सगळा प्रकार समजावून सांगितला, ह्याला म्हणे अतिरिक्त मृत्यू म्हणतात. हिशोब अगदी वाण्याचा आहे. मागच्या पाच वर्षांत अमुक महिन्यात साधारण किती माणसं जायची ते बघायचं, ह्या वर्षी त्याच महिन्यात किती गेली ते बघायचं, आणि वजाबाकी करायची. कशाने गेली, टेस्ट झाली होती का, रिपोर्ट काय होता, डॉक्टरने काय लिहिलं, काही विचारायचं नाही. माणूस होता, आता नाही, एवढंच मोजायचं. मला हे फार आवडलं कारण आम्ही पण तेवढंच मोजतो.

देशाचे आकडे तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये सांगितलं की 2020 आणि 2021 मिळून भारतात 47 लाख जास्तीचे मृत्यू झाले, सरकारी कोविडचा आकडा तेव्हा 4 लाख 80 हजारांच्या घरात. आपल्या सरकारने ते फेटाळलं, म्हटले तुमचं मॉडेल चुकीचं आहे. असेल बाबा, मॉडेल मलाही कळत नाही. पण मग आपली स्वतःची नोंदणी बघू ना. 2019 साली देशात 76.4 लाख मृत्यू नोंदवले गेले, 2020 साली 81.2 लाख, आणि 2021 साली 102.2 लाख. एका वर्षात 21 लाखांची उडी. नोंदणी सुधारली, लोकसंख्या वाढली, हे सगळं धरलं तरी एका वर्षात एवढी सुधारणा कुठल्या खात्यात होते मला दाखवा, मी तिथे पेढे घेऊन जातो. आणि हा 2021 चा आकडा बाहेर यायला 2025 चा मे उजाडला. चार वर्षांत तर माझ्या दुकानात वर्षश्राद्धाचं सामान नेणारे पण बदलून जातात.

बरं हे देशाचं झालं. माझा प्रश्न पुण्याचा आहे आणि त्यातही ठरावीक लोकांचा.

वहीत मी "कुठून आले" लिहितो म्हटलं ना. एरवी आमच्याकडे पेठेतली गिऱ्हाइकं जास्त, वयं सत्तरी-ऐंशीची. त्या वहीत वयं खाली आली. अठ्ठेचाळीस, पंचावन्न, एक्केचाळीस. आणि पत्ते बदलले, दांडेकर पूल, जनता वसाहत, लोहियानगर, कासेवाडी. पुतण्या म्हणाला काका हे असं का, तर मी म्हटलं अरे सोपं आहे. जुलै-ऑगस्ट 2020 मध्ये आयसर ह्या विज्ञान संस्थेच्या आणि विद्यापीठाच्या लोकांनी महापालिकेबरोबर पाच प्रभागांत रक्त तपासलं होतं, 1,664 लोकांचं, त्यात 51.5 टक्के लोकांच्या अंगात अँटीबॉडी निघाल्या, म्हणजे निम्म्या लोकांना होऊन पण गेला होता आणि पत्ताच नाही. बंगल्यात कमी, झोपडीत जास्त, आणि सार्वजनिक संडास वापरणाऱ्यांमध्ये जास्त. एका संडासाला सकाळी लाईन लावणाऱ्यांना सहा फुटांचं अंतर ठेवा म्हणणं म्हणजे काय बोलावं.

पण मला वाटतं सगळे काही तापाने गेले नाहीत. तीन मयती सांगतो, घर ओळखू येणार नाही एवढी काळजी घेऊन.

पहिली. रिक्षावाला ओळखीचा, त्याचा भाऊ डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा. लॉकडाऊन लागला, हॉस्पिटलने सांगितलं कोविडचा रिपोर्ट आणा मगच मशीनवर घेऊ. रिपोर्टला दोन दिवस. रिपोर्ट आला तोवर पुढची तारीख, आणि ते म्हणाले हा जुना झाला, परत काढा. अंगाला सूज, श्वास लागलेला, रिक्षा रस्त्यावर काढली तर पोलीस काठी मारणार. रिपोर्ट निगेटिव्हच होता शेवटपर्यंत. भाऊ तिसऱ्या आठवड्यात गेला. रिक्षावाला माझ्याकडे आला तेव्हा तो रिपोर्ट हातातच होता, मला दाखवत होता, बघा निगेटिव्ह आहे, तिरडीवरनं नेता येईल ना. येईल म्हटलं. कोविडच्या यादीत हा माणूस नाही आणि नसायलाच पाहिजे, त्याला कोविड नव्हताच. पण साथ नसती तर तो त्या महिन्यात मेला नसता ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहायची?

दुसरी. कचरा वेचणाऱ्या एक बाई, साठीच्या आतल्या, खोकला चार महिन्यांपासून. आधी सगळ्यांना वाटलं कोरोना, म्हणून कोणाला सांगितलंच नाही, कारण सांगितलं की वस्तीला पत्रे ठोकतात. (पत्र्यांचं आठवतंय ना? एप्रिल 2020 मध्ये पेठांमधल्या गल्ल्या पत्रे लावून बंद केल्या होत्या. 1897 च्या प्लेगात रँड ह्या इंग्रज प्लेग अधिकाऱ्याचे सोल्जर घरात घुसायचे म्हणून लोक आजारी माणूस लपवायचे, सव्वाशे वर्षांनी आम्ही खोकला लपवत होतो. फरक एवढाच की ह्या वेळी पत्र्यावर "सहकार्य करा" लिहिलं होतं.) शेवटी नेलं तेव्हा टीबी निघाला, फुप्फुस खलास. आता हे एकट्या बाईचं नाही, देशात 2019 साली टीबीचे 24 लाख पेशंट नोंदवले गेले आणि 2020 साली 18 लाख. टीबी कमी झाला का हो? सहा लाख माणसं घरात खोकत बसली. कॅन्सरचं तसंच, देशातल्या 41 सेंटरमध्ये मार्च ते मे 2020 मध्ये नवीन पेशंटची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा 54 टक्क्यांनी घटली होती. गाठ काही लॉकडाऊन पाळत नाही. ती माणसं पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू माझ्याकडे आली, म्हणजे त्यांचे मुलगे आले.

तिसरी मला अजून झोपेत आठवते. एक आजी, मुलगा पंचेचाळीसचा पण बुद्धीने पाच वर्षांचा, दोघंच राहायचे जुन्या वाड्यात. आजी दुसऱ्या लाटेत हॉस्पिटलमध्ये गेल्या, कोविड, त्यांचा नंबर यादीत आहे. मुलाला भाच्याने नेलं, मग दुसऱ्या नातेवाइकाने, मग कुठल्याशा संस्थेत ठेवला. आई भात कालवून भरवायची तसा भरवल्याशिवाय तो जेवायचाच नाही म्हणे. आठ महिन्यांनी गेला. भाचा आला सामान न्यायला, मी विचारलं काय झालं, म्हणाला हार्ट. वहीत मी लिहिलं 45, पुरुष. तेव्हा बायकोला म्हटलं की ही एकाच घरातली एकाच साथीची दोन माणसं आहेत, पण मोजणार एकच. इंग्लंडमध्ये हे मोजलं त्यांनी, 2020 साली जानेवारी ते नोव्हेंबर कोविडने गेलेल्या दर दहा माणसांतली सहा अपंग होती. तिथे जनगणनेत अपंगत्वाचा रकाना होता आणि तो मृत्यूच्या नोंदींशी जोडला म्हणून कळलं. आपल्या मृत्यूच्या फॉर्मवर अपंगत्वाचा रकाना मी तरी पाहिला नाही, आणि मी असे फॉर्म रोज बघतो, लोक गल्ल्यावरच ठेवून भरतात.

फॉर्मवरनं आठवलं. घरी मयत झाली की फॅमिली डॉक्टर चार-अ नावाचा फॉर्म लिहून देतो, त्यात मृत्यूचं कारण. मी कमीत कमी शंभर वेळा वाचलंय, कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. अहो तो तर प्रत्येकाचाच पडतो, तेच तर मरण, ते कारण कसं होईल? त्यात डॉक्टरांना दोष देत नाही मी, 2020 मध्ये निम्मे दवाखाने बंद, जो एखादा उघडा त्याला मयताच्या दारात उभं राहून ज्या माणसाला त्याने वर्षभर तपासलं नाही त्याचं कारण लिहायचंय, तो काय लिहिणार. आणि लिहिलं तरी देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम चौथा हिस्सा डॉक्टरने कारण प्रमाणित केलेला असतो, बाकीचे नुसते गेले. म्हणून तर म्हणतो कारणाच्या मागे लागू नका, आधी डोकी मोजा.

कारणावर पैसे अडकले की काय होतं तेही बघितलं. सुप्रीम कोर्टात ठरून 50,000 रुपये मिळायला लागले, नियम काय तर टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून किंवा हॉस्पिटलच्या डॉक्टरने कोविड ठरवल्यापासून 30 दिवसांत मृत्यू. चांगला नियम, त्याने पुष्कळ घरांना हात मिळाला, नाही म्हणत नाही. पण ज्याची टेस्टच झाली नाही आणि कागदावर कोविड लिहिलंच नाही त्याचं काय. एचआरसीटी, म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी अठरा आणि आरटीपीसीआर निगेटिव्ह असली माणसं होती आठवतंय का, त्यांच्या बायका दुकानात येऊन मला विचारायच्या तुमच्या वहीत काय लिहिलंय, ते दाखवलं तर चालेल का. मर्तिकवाल्याची वही घेऊन अर्ज करायची वेळ यावी.

आता साथीनंतरचं. तुम्हा लोकांची एक सवय आहे, सगळ्याच खात्यांची, साथ संपली असं जाहीर झालं की रोजचा तक्ता बंद. टीव्हीवाले पण उठून जातात. 2025 च्या जानेवारीत आपल्याकडे जीबीएस आला, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, पाण्यातून, तेव्हा रोज आकडा यायचा, किती ॲडमिट, किती व्हेंटिलेटरवर. पेशंटचे आकडे दोनशेच्या वर गेले. मग बंद. पण जीबीएसमधून उठलेला माणूस महिनोन्महिने पायावर उभा राहू शकत नाही, त्यातला कोणी रोजंदारीवाला असेल, कोणी म्हातारा असेल, तो पुढच्या वर्षी न्यूमोनियाने गेला तर तो कुठल्या साथीचा? हे लगेच कळत नाही, तीन वर्षं बघत राहावं लागतं. आणि उलटही होतं, पुतण्याने सांगितलं, साथीत खंगलेली माणसं आधीच गेली की पुढे काही महिने मृत्यू एरवीपेक्षा कमी दिसतात, मग सगळे म्हणतात बघा सगळं नॉर्मल झालं. माझ्याही वहीत 2022 च्या पावसाळ्यात दोन आठवडे अगदी शांत होते. मी पण खूश झालो होतो, धंदा कमी झाला म्हणून खूश होणारा दुकानदार.

तर मागणी. फार नाही आणि नवीन सर्व्हेसुद्धा नको. कायद्याने 21 दिवसांत नोंद करायची, ती पुण्यात बहुतेक होते कारण दाखल्याशिवाय बँकेतले पैसे निघत नाहीत आणि स्मशानाच्या पासाशिवाय दाहिनी पेटत नाही. तेव्हा 2015 पासून आजपर्यंतची आकडेवारी एका जागी टाका, दर महिन्याची, पंधरा क्षेत्रीय कार्यालयांप्रमाणे, वयाचे गट, बाई-पुरुष, घरी गेला की हॉस्पिटलात. नावं नकोत, मला पण कोणाची नावं नकोत, मी स्वतः लिहीत नाही. साथ आली की हेच दर आठवड्याला, आणि साथ संपली जाहीर केल्यावर पुढची तीन वर्षं चालू ठेवायचं. एवढं झालं तरी एखादी कॉलेजची पोरगी दुपारभरात सांगेल की कुठल्या भागात किती जास्त गेली.

आणि एक गोष्ट पुण्यातल्या साहेबांना कलेक्टर कचेरीशी बोलून करता येईल. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या लोकांकडून दर वर्षी हयातीचा दाखला मागतात ना तुम्ही? म्हातारी काठी टेकत येते, मी जिवंत आहे म्हणून अंगठा देते. म्हणजे विधवा, अपंग, निराधार, दुर्धर आजारवाले, जे सगळ्यात आधी जातात, त्यांची यादी तर तुमच्याकडे तयारच आहे आणि त्यात कोण कधी गळालं तेही आहे. मार्च 2020 ला यादीत असलेले किती जण मार्च 2023 ला हयात होते आणि त्याच्या आधीच्या तीन वर्षांत हेच गळतीचं प्रमाण किती होतं, एवढीच वजाबाकी. टीबीच्या यादीची तशीच, डायलिसिसच्या यादीची तशीच. आतापर्यंत हयातीचा दाखला फक्त पैसे बंद करायला वापरला, एकदा माणसं मोजायला वापरा.

मला माहितीये कोणी तरी म्हणणार आता हे उकरून काय मिळणार, गेले ते गेले. सावित्रीबाई प्लेगाच्या पेशंटची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला गेल्या हे आपण दर वर्षी हार घालून आठवतो, पण त्या प्लेगात मुंढवा-हडपसरच्या वस्त्यांतली जी माणसं गेली ती किती, त्यांचं वय काय, त्यांच्या मागे कोण राहिलं, विचारून बघा कोणाला तरी. आमच्या घरात पण 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या तापात पणजोबांचे दोन भाऊ गेले असं सांगतात, कोणी म्हणतं तीन. एका घराला स्वतःची माणसं दोन गेली की तीन हे माहीत नाही.

कोणाला वह्या बघायच्या असतील तर खुशाल या, वडलांच्या हातच्या 1988 पासूनच्या आहेत, गुलालाच्या डब्यांच्या मागे वरच्या फळीवर, दोन-तीन उंदरांनी खाल्ल्यात. फक्त 2021 मधली दुसरी वही बघायची असेल तर जरा वेळ काढून या. ती मी लिहिलेली नाही, मी तेव्हा स्वतः ऑक्सिजनवर होतो, पुतण्याने लिहिलीये, आणि त्याचं अक्षर मे-जून महिन्यात इतकं खराब झालंय की वयं लागायला वेळ लागतो.

आपला,
एक दुकानदार, पुणे 30